आवाळू नव्हे, नसेची गाठ

दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीच्या टोकापर्यंत झणका जातो. हा अनुभव कुणाला नाही? कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या खोबणीत, कातडीच्या अगदी खाली अल्नर नावाची नस असते. तिला धक्का लागला की असं होतं. आता हाच झणका हातावरच्या एखाद्या गाठीला नुसतं बोट लावल्यावर येत असेल, तर ती गाठ चरबीची नाही असं धरूनच पुढचं पाऊल टाकायला हवं. रुग्णाला आणि त्याला पहिल्यांदा तपासणाऱ्या डॉक्टरला एवढी एक गोष्ट पक्की ठाऊक असेल, तर एक चांगला हात अधू होण्यापासून वाचतो. हा सगळा लेख त्या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘नस’ हा शब्द फार कामं करतो. नस कापली म्हणतो तेव्हा रक्तवाहिनी असते, मानेची नस आखडली म्हणतो तेव्हा स्नायू असतो आणि कमरेत नस दबली म्हणतो तेव्हा मज्जातंतू असतो. त्यामुळे डॉक्टरांनी ‘नसेवर गाठ आहे’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मनगटावरची निळी शीर येते आणि रक्तस्रावाची भीती वाटते. खरी भीती वेगळ्याच गोष्टीची असायला हवी, ती मनातही येत नाही. या लेखात नस म्हणजे फक्त मज्जातंतू, मेंदूचा हुकूम हातापर्यंत नेणारी आणि हाताला जाणवलेलं मेंदूपर्यंत पोहोचवणारी.

हाताच्या नसांची पाच मुळं मानेतून निघतात, हसळीच्या हाडामागे एकमेकांत गुंफली जातात आणि काखेतून खाली उतरताना वेगवेगळी होतात. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या. मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला स्पर्श देते. अंगठा बोटांसमोर आणून बटण लावणं, सुईत दोरा ओवणं तिच्यावर चालतं. अल्नर करंगळीची आणि पकडीच्या ताकदीची. रेडियल मनगट आणि बोटं वर उचलते. यातली कुठलीही एक तुटली तर हात दिसायला हातच राहतो, पण त्याचं काम जातं.

नस कापून तिचा छेद भिंगाखाली पाहिला तर ती काथ्याच्या दोरीसारखी दिसते. दोरीत पेड आणि पेडात तंतू. प्रत्येक तंतूभोवती श्वान पेशींचं आवरण असतं. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान यांच्यावरून हे नाव आलं. या पेशींपासून वाढणारी गाठ म्हणजे श्वानोमा. प्रौढ माणसाच्या हातातल्या नसेवर गाठ असेल तर ती बहुतेक वेळा हीच असते. साधारण विशी ते पन्नाशीच्या दरम्यान ती सापडते, वर्षाला काही मिलिमीटर इतक्या सावकाश वाढते आणि तिचा कर्करोग होणं अत्यंत दुर्मीळ आहे. दुसरी गाठ न्यूरोफायब्रोमा. तिच्यातही श्वान पेशी असतात, पण एकट्या नाहीत. इतर पेशी आणि तंतुमय पदार्थही असतो आणि नसेचे तंतू त्यातूनच आरपार जातात.

हा फरक फक्त प्रयोगशाळेतला नाही, रुग्णाचं पुढे काय होणार हे त्यावर ठरतं. श्वानोमा बहुधा एकाच पेडातल्या आवरणापासून सुरू होतो आणि बाकीच्या पेडांना कडेला ढकलत वाढतो. भिजवलेले, मोड आलेले वाल ज्यांनी सोललेत त्यांना हे लगेच कळेल. टोकाशी चिमटीत धरून दाबलं की साल बोटात राहते आणि डाळिंबी अखंड बाहेर येते. श्वानोमाही असाच आवरणातून निघतो, नस जागच्या जागी राहते. न्यूरोफायब्रोमा म्हणजे गुळाच्या ढेपेत रुतलेला काथ्या. गूळ काढायचा तर काथ्या ताणला जाणारच.

हे कळायला वैद्यकाला शंभरेक वर्षं लागली. जिनिव्हाच्या लुई ओदिए यांनी १८०३ मध्ये नसेवरच्या गाठीला ‘न्यूरोमा’ म्हटलं, पण त्या नावात सगळंच कोंबलं गेलं. डब्लिनच्या रॉबर्ट स्मिथ यांनी १८४९ मध्ये आणि फ्रीड्रिख फॉन रेक्लिंगहाउझेन यांनी १८८२ मध्ये अंगभर गाठी येणाऱ्या आजाराचं वर्णन केलं. तोच पुढे न्यूरोफायब्रोमॅटोसिस म्हणून ओळखला गेला. प्रागमध्ये काम करणारे उरुग्वेचे विकृतिशास्त्रज्ञ होसे वेरोकाय यांनी १९१० मध्ये श्वान पेशींच्या गाठीचं वेगळेपण दाखवलं. आजही सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठीत पेशींची केंद्रकं ओळीने उभी दिसली की त्या रचनेला वेरोकाय यांचंच नाव देतात. नस वाचवून गाठ काढता येते, ही कल्पना या ओळखीशिवाय रुजलीच नसती. कारण गाठ नसेचीच वाढ आहे असं मानलं, की नसेसकट कापणं हाच एक मार्ग उरतो.

आता निदानाकडे येऊ. इथे मला जास्त थांबायचं आहे, कारण चुका बहुतेक इथेच होतात.

समजा, एक शिंपी आहे. मनगटाच्या वर चार बोटांवर, आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ. तीन-चार वर्षांपासून आहे, दुखत नाही. कात्री धरताना हात टेबलाच्या कडेला टेकला की मात्र अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत करंट लागतो. घरचे म्हणतात आवाळू आहे, असू दे. एक डॉक्टर म्हणतात चरबीची गाठ आहे, दहा मिनिटांत जागेवर भूल देऊन काढून टाकू. दोघांनाही दोष देता येत नाही. हातावरच्या बहुतेक मऊ गाठी खरोखरच चरबीच्या किंवा पाण्याच्या असतात. पण शिंप्याने सांगितलेला ‘करंट’ दोघांनीही ऐकून सोडून दिला.

तपासणी अगदी साधी आहे. गाठ चिमटीत धरून आधी आडवी हलवायची, मग उभी. नसेवरची गाठ आडवी सरकते, पण हाताच्या लांबीच्या दिशेने सरकत नाही, कारण दोन्ही टोकांना नस तिला धरून असते. मग बोटाने गाठीवर हलकी टिचकी मारायची. झणका त्या नसेच्या हद्दीतल्या बोटांत गेला तर निदान जवळपास हातात आलं. फ्रान्सचे ज्युल टिनेल आणि जर्मनीचे पाउल हॉफमान यांनी १९१५ मध्ये, महायुद्धात जखमी झालेल्या नसांचा अभ्यास करताना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही टिचकी वैद्यकात आणली. तिला ना वीज लागते ना पैसा. त्यानंतर बोटांचा स्पर्श आणि ताकद तपासायची. साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठीत ताकद सहसा शाबूत असते. हाताची शक्ती जाऊ लागली असेल, रात्री झोपेतून उठवणारी कळ असेल, काही महिन्यांत गाठ झपाट्याने वाढली असेल, ती पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा दगडासारखी घट्ट रुतलेली असेल, तर ‘साधी’ हा शब्द उच्चारायची घाई करू नये.

आणि सदरा काढायला सांगावा. अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग, काखेत तिळांसारखे बारीक ठिपके, इतरत्र मऊ गाठी असं दिसलं तर प्रश्न एका गाठीचा राहत नाही. हा न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा पहिला प्रकार असू शकतो. साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला तो होतो. दोष सतराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. निम्म्या रुग्णांमध्ये तो आईवडिलांकडून आलेला असतो, उरलेल्यांत नव्याने घडलेला. म्हणूनच ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’ या उत्तरावर तपास थांबवता येत नाही. या लोकांमध्ये आयुष्यभरात नसेचा कर्करोग होण्याचा धोका दहा टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून वाढणारी किंवा दुखू लागलेली प्रत्येक गाठ नव्याने तपासावी लागते.

परदेशी पाठ्यपुस्तकांत चार ओळींत उरकलेली एक गोष्ट आपल्याकडे सविस्तर सांगायला हवी. कोपरामागे जाड झालेली, दोरीसारखी लागणारी अल्नर नस कुष्ठरोगाचीही असते. कधी कधी त्या नसेत पू साचतो आणि बाहेरून तो हुबेहूब गाठीसारखा लागतो. भारत सरकारने डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जाहीर केलं, तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. नव्या पिढीच्या डॉक्टरांच्या मनात हा आजार इतिहासजमा झाला आहे आणि नेमकं हेच मला चिंतेचं वाटतं. अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का, दुसऱ्या हाताची किंवा कानामागची नसही जाड लागते का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. कुष्ठरोग असेल तर सहा किंवा बारा महिन्यांची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गाठ समजून आधी सुरी लावली तर त्या माणसाचं दुहेरी नुकसान होतं.

हाताने अंदाज आला की चित्र काढायचं. सोनोग्राफी स्वस्त आहे, गावोगावी आहे आणि अनुभवी हातात उत्तम आहे. गाठीच्या दोन्ही टोकांना नस शिरताना आणि निघताना दिसली की बहुतेक काम झालं. मात्र एक फसगत लक्षात ठेवावी. श्वानोमा सोनोग्राफीत काळा दिसतो आणि त्याच्यामागे उजळ पट्टा पडतो, अगदी पाण्याच्या गाठीसारखा. नसेचा विचारच मनात नसेल तर अहवालात ‘गँगलियन’, म्हणजे पाण्याची गाठ, असं लिहून येतं. म्हणून तपासणीच्या चिठ्ठीवर ‘टिचकी मारल्यावर झणका येतो’ हे शब्द लिहून पाठवावेत. पाहणाऱ्याची नजर त्याने बदलते. एमआरआय महाग, पण शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर करावाच. गाठ नसेच्या मधोमध आहे की एका बाजूला, कोणत्या रक्तवाहिनीला खेटून आहे, कडा स्पष्ट आहेत की आजूबाजूला घुसल्या आहेत, हे त्यात दिसतं. काही चित्रांत गाठ निशाणबाजीच्या चकतीसारखी दिसते, मध्ये काळी आणि कडेला पांढरी. ही खूण साध्या गाठीच्या बाजूने कौल देते. तरी एमआरआय श्वानोमा आणि न्यूरोफायब्रोमा यांतला फरक दर वेळी छातीठोकपणे सांगू शकत नाही, हे रुग्णाला आधीच सांगितलेलं बरं. विजेची नस-तपासणी बऱ्याचदा सामान्यच येते. तिचा खरा उपयोग शस्त्रक्रियेआधी हाताची स्थिती काय होती याची नोंद म्हणून.

मग सुईची तपासणी? गाठ म्हटली की आधी सुई घालून तपासा, असा आपल्याकडे रिवाजच आहे. स्तनाच्या, थायरॉइडच्या गाठीला ते योग्यच. नसेच्या गाठीला मात्र, जेव्हा लक्षणं आणि एमआरआय दोन्ही साध्या गाठीकडे बोट दाखवत असतात, तेव्हा सुई घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर ती भयंकर दुखते. दुसरं, सुई कोणत्या पेडातून जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. आणि तिसरं, आत रक्त साकळून व्रण तयार झाला की डाळिंबीची साल दाण्याला चिकटते आणि पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. शिवाय फार वर्षांच्या श्वानोमात पेशी म्हाताऱ्या होऊन वेड्यावाकड्या दिसतात. छोट्याशा नमुन्यावरून त्या कर्करोगाच्या वाटू शकतात. उलट कर्करोगाचा खरा संशय असेल तर तुकडा घेतलाच पाहिजे, तोही जिथे पुढची मोठी शस्त्रक्रिया होणार आहे तिथेच, त्याच चमूकडून, पुढच्या छेदाच्या रेषेत.

निदान झालं म्हणजे काढलीच पाहिजे असंही नाही. त्रास न देणारी, न वाढणारी, चित्रात साधी दिसणारी गाठ वर्षा-सहा महिन्यांनी मोजत राहता येते. पण दुखत असेल, वाढत असेल, हाताच्या कामात आड येत असेल, शक्ती किंवा स्पर्श कमी होत असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल, तर काढावी. आपल्या शिंप्याची काढावी, कारण त्याचं पोट त्या हातावर आहे.

शस्त्रक्रियेची तयारी भूल देण्यापासूनच वेगळी असते. काखेत इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर करण्याची पद्धत इतर शस्त्रक्रियांना सोयीची, पण इथे नसेला वीज देऊन प्रश्न विचारायचे असतात आणि बधिर नस उत्तर देत नाही. म्हणून बहुधा पूर्ण भूल देतात आणि स्नायू ढिले करणारं औषध सुरुवातीनंतर टाळतात. दंडाला आवळपट्टी बांधून रक्त थांबवलं तर मैदान कोरडं मिळतं खरं, पण वीस-तीस मिनिटांत रक्ताविना नसही मुकी होते. त्यामुळे वीज वापरायची त्या वेळी पट्टी सोडलेली असावी लागते.

छेद हाताच्या लांबीच्या दिशेने घेतात, गाठीपेक्षा दोन्हीकडे लांब. गाठीला लगेच हात लावत नाहीत. आधी तिच्या वर निरोगी नस शोधायची, मग खाली, दोन्ही ठिकाणी मऊ रबरी पट्टी घालून ती हलकेच पेलून धरायची. मग ज्ञात प्रदेशातून अज्ञाताकडे सरकायचं. अडीच-तीन पट मोठं दाखवणारं भिंग डोळ्यांना किंवा वर सूक्ष्मदर्शक. पांढरट, चकाकणारी नस, तिच्यावर केसाएवढ्या रक्तवाहिन्या आणि मध्येच फुगलेली पिवळसर गाठ. तिच्या पाठीवर ताणलेले पेड, छत्रीच्या काड्यांसारखे पसरलेले. आता एक-दोन मिलिअँपिअर प्रवाहाची बारीक सळई गाठीच्या पृष्ठभागावर जागोजागी टेकवायची आणि हाताकडे पाहायचं. इथे टेकवली, अंगठा उडाला. तिथे टेकवली, पुन्हा हलला. थोडी बाजूला, हात स्वस्थ. पुन्हा तिथेच, पुन्हा स्वस्थ. ही मुकी जागा सापडली की तिथेच, पेडांना समांतर, आवरणात उभी चीर द्यायची.

आवरण एका थराचं नसतं. पातळ पापुद्रे एकामागून एक बाजूला होतात आणि एका थराखाली एकदम गुळगुळीत, चमकणारा पृष्ठभाग लागतो. खरी पातळी हीच. ती सापडली की गाठ बोथट हत्याराने हळूहळू सुटते. सापडली नसेल तर सगळं चिकट आणि रक्ताळ वाटतं, अशा वेळी जोर न लावता थांबून पुन्हा शोधावं. शेवटी गाठ दोन टोकांना एकेका बारीक पेडावर लटकते. त्याला पुन्हा वीज देतात. हात हलला नाही तर तो पेड गाठीनेच निकामी केलेला, तो कापायचा. रक्त थांबवायचं तेही चिमट्याच्या दोन टोकांतच वीज फिरवणाऱ्या उपकरणाने, म्हणजे शेजारचा पेड भाजत नाही. रिकामं झालेलं आवरण शिवायची गरज नसते. गाठ मात्र विकृतिशास्त्राच्या तपासणीला गेलीच पाहिजे.

न्यूरोफायब्रोमात हे इतकं सुरळीत होत नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेड सोडवावा लागतो आणि कामाचा पेड सोडवता येत नसेल तर थोडी गाठ मागे ठेवणं हाच शहाणपणा. नाइलाजाने पेड कापला गेला तर पिंढरीमागची सुरल नावाची स्पर्शाची नस घेऊन सांधा घालतात. व्हिएन्नाचे हान्नो मिलेसी यांनी १९७०च्या दशकात हे तंत्र रूढ केलं. जाळ्यासारख्या पसरलेल्या न्यूरोफायब्रोमांवर तर अनेकदा सुरी चालतच नाही. अशा मुलांसाठी सेल्युमेटिनिब या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. आणि लहान मुलाच्या तळहातात-मनगटात मीडियन नसच चरबी आणि तंतूंनी जाडजूड झालेली असेल, सोबत एखादं बोट मोठं असेल, तर ती गाठ काढायला जाऊच नये. मनगटातला बोगदा मोकळा करून नसेवरचा दाब कमी करावा, बस्स.

निकाल चांगले असतात, अनुभवी हातात. न्यू ऑर्लीन्सच्या डेव्हिड क्लाइन आणि सहकाऱ्यांनी तीस वर्षांत हाताळलेल्या नसांच्या ३९७ गाठींचा लेखाजोखा २००५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ३६१ साध्या होत्या आणि बहुतेक नसा वाचवून त्या काढता आल्या होत्या. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, कधी काही महिने मुंग्या किंवा थोडा बधिरपणा राहतो. तो आधीच सांगितलेला असेल तर माणूस घाबरत नाही. पूर्ण निघालेला श्वानोमा सहसा परत येत नाही.

आता दुसऱ्या रस्त्याचं गणित पाहू. दंडाच्या मध्यावरची गाठ चरबीची समजून काढायला घेतली, दोन टोकांना ‘मुळं’ दिसली, ती कापली आणि गाठ बाहेर. संध्याकाळी करंगळी बधिर. तुटलेली नस जोडली तरी ती दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढते. तिथून हाताच्या पंजातल्या स्नायूंपर्यंत अंतर साधारण पन्नास सेंटिमीटर, म्हणजे पाचशे दिवस. नसेविना स्नायू बारा ते अठरा महिन्यांत कायमचे सुकतात. नस पोहोचेपर्यंत बऱ्याचदा तिथे जागं करायला काही उरलेलं नसतं, बोटं नखीसारखी वाकतात आणि तशीच राहतात. हे ज्या गाठीमुळे घडलं, ती स्वतःहून त्या माणसाचं कदाचित कधीच काही बिघडवणार नव्हती.

नसांचं काम आपल्याकडे कुणा एकाच विभागाचं नाही. कुठे हाताचे सर्जन करतात, कुठे प्लॅस्टिक सर्जन, कुठे अस्थिरोगतज्ज्ञ, कुठे मेंदू आणि मज्जासंस्थेचे सर्जन. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा सूक्ष्मदर्शक आहे का, नसेला वीज देऊन पाहण्याची सोय आहे का आणि अशा गाठी त्यांनी आधी काढल्या आहेत का, हे विचारावं. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय आणि अनुभव दोन्ही असू शकतात. तालुक्याहून तिथवर जाण्याचा एक दिवस मोडला तरी चालेल, गाठ तेवढी थांबते.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या हातावर अशी गाठ असेल, तर ती काढायची तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढंच म्हणा: “यावर एकदा टिचकी मारून पाहाल का?”